रुबेन्सने नक्कल करताना काय बदललं?

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली तिन्ही तैलचित्रं पाहिली. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट तुला मनापासून आवडतो, हे लगेच कळतं. पण तुझ्या हाती त्याचा तपकिरी काळोख लागलाय, त्याची विचार करायची रीत अजून लागलेली नाही.

तो काळोख तरी सगळा त्याचा कुठे आहे! त्याच्या १६४२ च्या समूहचित्राला पुढे ‘नाइट वॉच’ हे नाव चिकटलं ते काळवंडलेल्या वॉर्निशमुळे. प्रसंग दिवसाउजेडीचा आहे. त्याच काळातल्या व्हर्मीरच्या ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ या चित्रातली काळी दिसणारी पार्श्वभूमीही मुळात हिरवी होती. तेव्हा छापील पानावरचा रंग जुळवण्यात जीव आटवू नकोस.

नक्कल मात्र जरूर कर. १६२८ मध्ये रुबेन्स माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नावाजलेला चित्रकार होता. तरी तिथे तो आदल्या शतकातल्या इटालियन टिशियनची चित्रं समोर ठेवून रंगवत बसला. ‘आदम आणि ईव्ह’ची दोन्ही चित्रं, टिशियनचं आणि त्याचं, आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. ती शेजारीशेजारी ठेवून बघ. टिशियनचा आदम मागे रेललेला, रुबेन्सचा पुढे झुकलेला. शिवाय रुबेन्सने एक पोपट आणून बसवलाय! इतक्या आदराने नक्कल करतानाही तो टिशियनशी बोलत होता, कुठेकुठे त्याला अडवत होता. मला हेच फार मोलाचं वाटतं.

सुरुवात लहान तुकड्याने कर. शिकाऊ वयात अख्ख्या चित्राची नक्कल म्हणजे बरेचदा नुसती हमाली होते. रेम्ब्रांटच्या उत्तरायुष्यातल्या व्यक्तिचित्रातला एखादा हात घे. सावलीत रंग इतका पातळ की खालचा थर जाणवतो. उजेड पडतो तिथे, बोटांच्या पेरांवर, रंगाचा जाड थर. आधी फक्त रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि पांढऱ्यात छायाप्रकाश बसव. कोणती कड त्याने धारदार ठेवली, कोणती सावलीत विरघळू दिली, ते शोध. कारण सापडेपर्यंत दुसरा रंग काढू नकोस.

तो थर नीट वाळल्यावरच वर पारदर्शक रंगाचे पातळ थर, म्हणजे ग्लेझ, दे. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलत राहिल्याने पुढे भेगा पडतात. घाई तैलरंगाला मानवत नाही.

मग पुस्तक मिटून ठेव आणि घरातल्या कुणाचा तरी हात त्याच क्रमाने रंगव. त्वचा वेगळी, उजेड वेगळा. रेम्ब्रांटचे काही निर्णय इथे चालणारच नाहीत. तिथे तुला स्वतःचं डोकं चालवावं लागेल, आणि मला तेच बघायचंय.

पुढच्या पत्रासोबत तो एकरंगी अभ्यास पाठव, अर्धवट असला तरी. कोणत्या कडेपाशी अडखळायला झालं तेही लिही.

तुझा,
काका