‘सिंगल’ म्हणजे एकल नव्हे, सुटी तबकडी

साठच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांवरच्या एका लेखातलं हे वाक्य एका वाचकाने पाठवलं आहे: ‘मोटाऊन लेबलच्या सुप्रीम्स या त्रयीची ओळीने पाच एकल गीते चार्टच्या शीर्षस्थानी पोहोचली, ब-बाजूंवरही त्यांचीच गीते होती.’ त्यांचा प्रश्न असा की ‘सिंगल’ला ‘एकल गीत’ म्हणणं बरोबर आहे का, आणि ‘लेबल’, ‘बी साइड’, ‘चार्ट’ यांना मराठी शब्द शोधावेत की हेच ठेवावेत.

‘एकल गीत’ चूक आहे, आणि हे वाक्य स्वतःच त्याची साक्ष देतं. एकल गायन म्हणजे एकट्याने गाणं. डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड या तिघी मिळून गात असताना गीत एकल कसं? गोंधळ कुठून आला ते कळतं. ‘सिंगल पेरेंट’चं ‘एकल पालक’ झालं, ते रुळलं, आणि मग ‘सिंगल’ दिसलं की हात आपोआप ‘एकल’ टंकू लागला. पण गाण्याच्या धंद्यात ‘सोलो’ वेगळं आणि ‘सिंगल’ वेगळं. डायना रॉसने १९७० मध्ये सुप्रीम्स सोडून स्वतःचं पहिलं सोलो सिंगल काढलं, हे या हिशेबाने भाषांतरित केलं तर ‘पहिलं एकल एकल’ होईल.

गंमत अशी की सुप्रीम्सच्याच बाबतीत एकदा खरोखर ‘एकल’ म्हणावं असं घडलं. डिसेंबर १९६९ मध्ये त्यांचं ‘समडे वी विल बी टुगेदर’ पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि अमेरिकेच्या साप्ताहिक यादीत (हाच तो ‘चार्ट’) त्या दशकातलं ते शेवटचं अव्वल गाणं ठरलं. तबकडीवर नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’, पण गटातल्या तेव्हाच्या बाकीच्या दोघींचा आवाज त्यात नाही. मागची साथ स्टुडिओत बोलावलेल्या गायिकांची आहे. तरीही त्याला ‘सिंगल’ म्हणतात ते या कारणाने नव्हे.

मग कोणत्या कारणाने? त्यासाठी तबकडीच्या मापांकडे जावं लागतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. एखादी सिंफनी विकायची तर पाच-सहा तबकड्या लागत. त्या जाड पाकिटांच्या, पुस्तकासारख्या बांधलेल्या वहीत घालून विकत. फोटोंच्या वहीसारखी दिसणारी म्हणून ती ‘अल्बम’. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्लेइंग तबकडी (एल.पी.) आणली आणि सगळी वही एका तबकडीवर आली, तरी ‘अल्बम’ हे नाव तसंच चिकटून राहिलं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने उत्तरादाखल सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. एका बाजूला एक गाणं, पाठीवर दुसरं. अल्बममध्ये न बांधलेली, एकेक करून मिळणारी, म्हणून ती ‘सिंगल’.

थोडक्यात, इथे ‘सिंगल’चा अर्थ गाणाऱ्यांच्या संख्येशी नाही आणि गाण्यांच्या संख्येशीही नाही (गाणी तर दोन असतात). अर्थ आहे विकण्याच्या पद्धतीशी. आणि या अर्थाला मराठीत रोजच्या वापरातला शब्द आहे: सुटा. सुटा चहा, सुटं तेल, सुटे पैसे, पुस्तकातली सुटी पानं. पुड्यातून किंवा बांधणीतून वेगळं काढलेलं ते सुटं. म्हणून ‘सुटी तबकडी’. आज तबकडी नसली तरी अडत नाही. अल्बमच्या आधी एकटंच प्रसिद्ध होणारं गाणं ‘सुटं गाणं’ होतं. ‘सुटी’ म्हणजे रजा असा अर्थ निघेल, अशी शंका कोणी काढेल. पुढे ‘तबकडी’ असताना तो निघत नाही.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. त्या काळी सुटी तबकडी निघाल्याशिवाय गाण्याला यादीत जागाच नव्हती. अल्बममधलं गाणं रेडिओवर कितीही वाजलं तरी. ‘द डोअर्स’चं ‘लाइट माय फायर’ १९६७ च्या अल्बमवर सुमारे सात मिनिटांचं आहे. सुट्या तबकडीसाठी मधल्या ऑर्गन-गिटारच्या लांबलचक जागा कापून ते तीन मिनिटांच्या आत आणलं, आणि जुलै १९६७ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. अशा ठिकाणी ‘गाण्याचं सिंगल काढलं’ याचं ‘गाणं सुटं काढलं’ हे भाषांतर अर्थाला पुरेपूर उतरतं. उलट, सगळा मजकूर सुट्या तबकड्यांचाच असेल तर दर वेळी ‘सुटी’ म्हणायची गरज नाही. नुसतं ‘तबकडी’ पुरतं. एल.पी.शी फरक दाखवायचा असेल तिथेच विशेषण लावावं.

एक सावधगिरी. ‘सुटी तबकडी’ म्हणजे आपल्याकडची ‘ई.पी.’ नव्हे. सात इंची आणि ४५ फेऱ्यांची तीही असते, पण तिच्यावर बहुधा चार गाणी, बाजूला दोन. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या बऱ्याचशा या जातीच्या. अमेरिकन सुट्या तबकडीची आणखी एक खूण म्हणजे मधलं भोक, दीड इंचाचं. जाड खुंटावर तबकड्यांची चळत लावून त्या एकामागून एक आपोआप खाली पडाव्यात यासाठी ते मोठं ठेवलं होतं. एल.पी.च्या बारीक खुंटावर ती वाजवायची तर भोकात प्लास्टिकची चकती बसवावी लागते. इंग्रजीत तबकडीलाच नुसतं ‘फॉर्टी फाइव्ह’ म्हणतात. त्यामुळे ‘त्याच्याकडे जुन्या फॉर्टी फाइव्ह्ज होत्या’ याचं ‘त्याच्याकडे ४५ जुन्या रेकॉर्ड होत्या’ असं करून ठेवू नये. तो फेऱ्यांचा आकडा आहे. ४५ ची तबकडी ३३ वर लावली तर चाल मंदावते आणि सूर पाचेक अर्धस्वर खाली उतरतो. बाईचा आवाज पुरुषाचा वाटू लागतो. संख्या म्हणून वाचणाऱ्या अनुवादकाचंही साधारण असंच होतं.

जाता जाता ‘रेकॉर्ड’चं लिंग. तबकडी या अर्थी ‘रेकॉर्ड लावली’, विक्रम या अर्थी ‘रेकॉर्ड मोडला’, आणि कचेरीतलं ‘जुनं रेकॉर्ड’. तिन्ही लिंगं, तिन्ही बरोबर. ‘सिंगल’चंही तसंच: तबकडी डोळ्यांसमोर असेल तर ‘ती सिंगल’, गाणं असेल तर ‘ते सिंगल’. एका लेखात दोन्ही आले तर मात्र खटकतं.

आता ‘ब-बाजू’. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं तबकडीवर छापलेली असत म्हणून ‘बी बाजू’ म्हणायला हरकत नाही, पण ‘अ-ब’ करण्यात काही मिळवलं असं नाही. इंग्रजीत तिलाच ‘फ्लिप साइड’ म्हणतात, म्हणजे उलटल्यावर येणारी. मराठीत कापडाला, कागदाला सुलट-उलट असते. ‘सुलट बाजू’ आणि ‘उलट बाजू’, किंवा बोलण्यात ‘पाठीवरचं गाणं’. मला हे शेवटचं सगळ्यांत आवडतं, कारण त्यात दर्जाचा सूरही येतो: कंपनीला जे खपवायचं आहे ते पुढे, बाकीचं पाठीवर.

कंपनीचा अंदाज चुकायचा, त्याचे किस्से याच पाठीवर लिहिलेले आहेत. १९६१ मध्ये टोकन्स या गटाच्या तबकडीवर सुलट बाजूला ‘टीना’ होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि पाठीवरचं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘द ट्विस्ट’ हे गाणंही मुळात हँक बॅलार्डच्या तबकडीच्या पाठीवरचं. चबी चेकरने ते पुन्हा गायलं आणि सप्टेंबर १९६० मध्ये ते अव्वल ठरलं; जानेवारी १९६२ मध्ये तीच तबकडी पुन्हा अव्वल आली. निर्माता फिल स्पेक्टर हा धोका ओळखून होता. रेडिओवाल्याने चुकूनही उलट बाजू वाजवू नये म्हणून तो पाठीवर वादकांनी सहज छेडलेला कसलातरी तुकडा टाकून द्यायचा.

पण पाठीवरच्या गाण्याच्या गीतकाराला कमी पैसे मिळत असतील, असं समजू नका. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यातला दर प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट होता, बाजू कोणतीही असो. दहा लाख तबकड्या खपल्या तर पाठीवरच्या, कोणी न ऐकलेल्या गाण्याच्या नावावरही वीस हजार डॉलर. पाठीवर कोणाचं गाणं जाणार यावरून भांडणं का होत, ते यावरून कळावं.

‘डबल ए साइड’ हाही शब्द भेटेल. दोन्ही गाणी पुढे करायची असत तेव्हा तसं म्हणत. ‘दोन्ही बाजू सुलट’ एवढं बास. इथे यादीचा एक नियम ठाऊक असावा. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या यादीत एका तबकडीच्या दोन बाजू दोन वेगळ्या ओळींत मोजत. मंकीजचं ‘आय ॲम अ बिलीव्हर’ सात आठवडे पहिलं होतं, आणि त्याच तबकडीच्या पाठीवरचं ‘स्टेपिंग स्टोन’ वेगळं विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. २९ नोव्हेंबर १९६९ च्या यादीपासून दोन्ही बाजू एकत्र धरू लागले, आणि त्याच आठवड्यात बीटल्सचं ‘कम टुगेदर’ व ‘समथिंग’ जोडीने पहिल्या क्रमांकावर आलं. म्हणून साठच्या दशकाबद्दल लिहिताना ‘ही तबकडी पहिली आली’ यापेक्षा ‘हे गाणं पहिलं आलं’ म्हणणं बहुतेक वेळा जास्त अचूक ठरतं.

‘लेबल’ला मात्र ‘लेबल’ ठेवू नये, कारण मराठीत लेबल म्हणजे चिकटवलेला कागद. त्याही अर्थाने ते इथे येतं, म्हणूनच घोळ होतो. १९६४ च्या राइटचस ब्रदर्सच्या ‘यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिंग फीलिंग’च्या लेबलवर ३:०५ असं छापलं आहे, गाणं प्रत्यक्षात ३:४५ चं आहे. लांब गाणं दिसलं की रेडिओवाले बाजूला ठेवतात, म्हणून स्पेक्टरने ती थाप मारली. हे झालं कागदाचं लेबल. पण ‘मोटाऊन लेबल’ म्हणताना अभिप्रेत असतं ते व्यापारी नाव, आणि त्याला आपल्याकडे घोडा छापपासून कुत्रा छाप रेकॉर्डपर्यंत वापरलेला ‘छाप’ हा शब्द आहे. कंपनी आणि छाप यांत फरकही करावा लागतो. डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डीची कंपनी एकच, पण तिचे छाप अनेक: सुप्रीम्स ‘मोटाऊन’ छापावर, मार्विन गे ‘टॅम्ला’वर, टेम्प्टेशन्स ‘गॉर्डी’वर. एकाच छापाची गाणी सारखी वाजवली तर रेडिओ केंद्रावर पक्षपाताचा संशय येईल, म्हणून ही वाटणी. सगळ्याला ‘कंपनी’ म्हटलं तर ही चतुराई वाक्यातून निसटते. (संशय उगाच नव्हता. गाणं वाजवण्यासाठी रेडिओवाल्यांना पैसे चारण्याच्या प्रकरणाची १९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे चौकशी झाली होती. त्याला तिकडे ‘पेओला’ म्हणत. ‘चिरीमिरी’ चालेल, रकमा मोठ्या असल्या तरी.)

राहिला ‘चार्ट’. ‘चार्टच्या शीर्षस्थानी पोहोचली’ हे मराठी अक्षरांतलं इंग्रजी आहे. यादीत गाणं वर सरकतं, पहिला नंबर पटकावतं, टिकतं, घसरतं. ‘बिनाका गीतमाला’वर वाढलेल्यांना अमीन सयानींचं ‘पायदान’ आठवेल. तो शब्द हिंदी कार्यक्रमाच्या आठवणीसकट येतो, म्हणून अमेरिकन यादीला लावला की कानाला वेगळंच लागतं. ‘साप्ताहिक यादी’ साधं आणि पुरेसं.

यादी मोजते काय, हे सांगायला मात्र मराठी क्रियापदं कामाला येतात. ४ ऑगस्ट १९५८ ला ‘हॉट हंड्रेड’ ही शंभर गाण्यांची यादी सुरू झाली त्याआधी बिलबोर्डमध्ये वेगवेगळ्या याद्या असत: दुकानात काय खपलं, रेडिओवर काय वाजलं, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोकांनी काय लावलं. नव्या यादीने खप आणि रेडिओवरचं वाजणं एकत्र करून एकच क्रम लावला. खपलं आणि वाजलं, दोन्ही मिळून गाजलं. ‘गाजणे’ हे मुळात गर्जण्यापासून आलेलं, म्हणजे आवाज दूरवर जाणं. ‘हिट’ला याहून नेमका शब्द शोधायची गरज वाटत नाही. फक्त विक्रीचाच आकडा सांगायचा असेल, जसं की सोन्याची तबकडी मिळायला तेव्हा दहा लाख प्रतींची अट होती, तिथे ‘गाजलं’ न लिहिता ‘खपलं’ लिहावं.

पाठवलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘मोटाऊन छापावर गाणाऱ्या सुप्रीम्स या तिघींच्या लागोपाठ पाच गाण्यांनी १९६४-६५ मध्ये अमेरिकेच्या साप्ताहिक यादीत पहिला नंबर पटकावला, तबकड्यांच्या पाठीवरही त्यांचीच गाणी होती.’ ‘सिंगल’ हा शब्द इथे लागलाच नाही.

याच वाचकाने ताजा कलम म्हणून ‘वन-हिट वंडर’ही विचारलं आहे. ‘एक-हिट आश्चर्य’ कृपया नको. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा झेगर आणि इव्हान्स या जोडीचं ‘इन द इयर २५२५’ यादीत पहिलं होतं. सहा आठवडे पहिलं राहिलं आणि त्यानंतर त्यांचं एकही गाणं त्या शंभरात आलं नाही. अशांना ‘एकाच गाण्याचे धनी’ म्हणावं.