उघड्या काँक्रीटला रंग लावण्याआधी

प्रश्न: आमच्या विद्यापीठाच्या मधोमध विभागांची जुनी इमारत आहे. गिलावा नाही, आतबाहेर नुसतं काँक्रीट. आता भिंतींवर काळे ओघळ आलेत, काही ठिकाणी सळई उघडी पडली आहे. सगळी इमारत पांढरी रंगवायचा प्रस्ताव आहे. रंगाने ती टिकेल का?

उत्तर: आत्ता रंगवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. ओघळ आणि सळई ही दोन निराळी दुखणी आहेत. रंगाने दोन्ही झाकली जातील, बरं काहीच होणार नाही.

आधी सळई. काँक्रीट अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) असतं तोवर आतलं पोलाद गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि काँक्रीटचा हा गुण, म्हणजे पोलादाचं कवच, जातो. मग ओल मिळाली की गंज चढतो. गंजाला पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून वरचा थर फुटून ढलपे पडतात. तपासणी सोपी आहे. नुकत्याच फोडलेल्या कोऱ्या पृष्ठावर फिनॉल्फ्थेलीनचा द्राव फवारतात. गडद गुलाबी झालेला भाग शाबूत. बाहेरच्या कडेची जेवढी पट्टी बिनरंगी राहील, तेवढ्या खोलीपर्यंत कवच गेलेलं. ती पट्टी सळयांपर्यंत पोचली आहे का, हे इंजिनिअरकडून लेखी घ्या.

ओघळांचं मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत सापडतं. तुंबलेल्या पन्हळी बघा. छज्ज्याच्या तळाला पाणी तोडणारी खाच असते, ती बुजली की पाणी थेट भिंतीवर उतरतं.

आणि भिंत जवळून बघा हो! शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेषा, कधी गाठीसुद्धा, तिच्यावर उमटलेल्या असतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वास्तुविशारद पॉल रुडॉल्फ यांच्या १९६३च्या कला-वास्तुकला इमारतीत तर काँक्रीटवर उभ्या धारा काढून कामगारांनी त्या हातोड्याने फोडल्या, आतली खडी दिसावी म्हणून. ती इमारत अनेकांना आवडली नाही, १९६९मध्ये तिला आगही लागली. तरी २००८मध्ये जीर्णोद्धार करून तिला रुडॉल्फ यांचंच नाव दिलं गेलं.

जाड थराचा रंग खडबडीत काँक्रीटवरून पुरता निघत नाही, आणि मागे ओल असली की फुगतो. मग दर काही वर्षांनी पुन्हा रंगवणं आलंच. त्यापेक्षा गंज साफ करून ढलपे भरून घ्या. भरावाचा रंग आणि फळ्यांची रेघ जुळते का, ते मागच्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यात नमुना करून, तो पुरता वाळल्यावरच ठरवा. ओला भराव नेहमी गडद दिसतो.