लिटर कशाचा? द्रावणाचा!

प्रश्न: ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ मोलर, २५० मिली द्रावण करायचं होतं. मोलर वस्तुमान ९० धरून २.२५ ग्रॅम घेतलं. टायट्रेशनचं (माहीत असलेल्या द्रावणाशी मोजून दुसऱ्याची तीव्रता काढण्याच्या प्रयोगाचं) उत्तर जुळेना. (बारावीची विद्यार्थिनी)

मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल; आणि एक मोल म्हणजे मोलर वस्तुमानाइतके ग्रॅम. तुझं गणित चुकलं नाही, बाटलीवरचं लेबल वाचायचं राहिलं. प्रयोगशाळेत सहसा मिळतात ते ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक. त्यात आम्लाच्या दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात आणि काट्यावर त्यांचंही वजन येतं. म्हणून ९० अधिक ३६, म्हणजे १२६ धरायचे. ०.१ × ०.२५ = ०.०२५ मोल, गुणिले १२६, म्हणजे ३.१५ ग्रॅम. तुझं द्रावण जेमतेम ०.०७१ मोलर झालं. तू ते ०.१ धरलंस, त्यामुळे ब्युरेटमधला (खुणा केलेल्या लांब नळीतला) कॉस्टिक सोडा आहे त्याहून तीव्र निघाला असणार. तसंच झालं ना?

प्रश्न: २५० मिली पाणी मोजून त्यात पदार्थ विरघळवला तर काय बिघडतं?

हा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. मोलॅरिटीत, म्हणजे द्रावण किती मोलर हे काढताना, भाजकाला असतो तो तयार द्रावणाचा लिटर, पाण्याचा नव्हे. पदार्थ पडला की आकारमान बदलतं. पातळ द्रावणात फरक नगण्य असतो; पण साखरेच्या एक लिटर १ मोलर द्रावणात ३४२ ग्रॅम साखर जाते, तिला जागा नको? म्हणून आधी बीकरमध्ये थोड्या पाण्यात पदार्थ पूर्ण विरघळवा, फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा विसळून तेही पाणी त्यातच घाला. गरम झालं असेल तर निवू द्या. मग मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. शेवटचे थेंब ड्रॉपरने घाला, डोळा खुणेच्या रेषेत ठेवून. पाण्याच्या वक्राचा तळ खुणेला टेकला पाहिजे. खुणेच्या वर गेलं तर थोडं काढून टाकून भागत नाही, कारण त्याबरोबर द्राव्यही जातं. पुन्हा पहिल्यापासून करा.

प्रश्न: दवाखान्यातलं ०.९ टक्के सलाइन किती मोलर?

लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. ९ भागिले मिठाचं मोलर वस्तुमान ५८.५, म्हणजे सुमारे ०.१५४ मोलर.

प्रश्न: १२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लापासून १ मोलर, ५०० मिली कसं करायचं?

पाणी घातल्याने मोल बदलत नाहीत. १२ × आकारमान = १ × ५००, म्हणजे ४१.७ मिली आम्ल. फ्लास्कमध्ये आधी निम्मंअधिक पाणी घ्या, त्यात आम्ल हळूहळू सोडा, मग खुणेपर्यंत भरा. आम्लात पाणी कधीही ओतू नका. सल्फ्युरिक आम्ल तर उसळून अंगावर येतं. चष्मा, हातमोजे घाला आणि धूर बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच (फ्यूम हूड) काम करा.