वाचकांचे प्रश्न : एक पासवर्ड, नऊ माणसे

संस्थांमधील डिजिटल ओळख, तिची पडताळणी आणि त्यातील जोखीम या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची व त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची सहकारी पतसंस्था सांगली जिल्ह्यात आहे. शाखेत आम्ही नऊ जण आहोत. व्हाउचर पास करण्याचा अधिकार फक्त शाखाधिकाऱ्यांच्या लॉगिनला आहे. परंतु ते वसुलीसाठी वारंवार बाहेर असतात, त्यामुळे त्यांचा पासवर्ड सर्वांनाच ठाऊक आहे. लेखापरीक्षकांनी यावर कडक शेरा मारला आहे. सर्व कर्मचारी पंधरा-वीस वर्षांपासूनचे आणि विश्वासू आहेत. त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होऊ नये, असे संचालक मंडळाला वाटते. काय करावे? — सचिव

उत्तर : लेखापरीक्षकांचा शेरा योग्य आहे आणि तो आपल्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा आहे, हे आधी संचालक मंडळाला समजावून सांगा. काही वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेतील अफरातफरीच्या अंतर्गत चौकशीत मी तांत्रिक सल्लागार म्हणून बसलो होतो. ठेवीदाराच्या नकळत त्याच्या मुदत ठेवीवर कर्ज उचलले गेले होते, आणि नोंद ज्या लॉगिनवरून झाली होती ते एका महिला लिपिकाचे होते. त्या दिवशी त्या रजेवर होत्या, म्हणून हजेरीपत्रकाच्या आधारे त्या सुटल्या. परंतु तो पासवर्ड माहीत असलेल्या पाच जणांपैकी नोंद कोणी केली, हे शेवटपर्यंत ठरले नाही. पाचही जण त्यानंतर त्याच कार्यालयात एकमेकांकडे संशयाने पाहत काम करत राहिले. त्यांपैकी किमान चौघे तरी निर्दोष होते, पण ते सिद्ध करण्याचे साधन संस्थेने त्यांच्यासाठी ठेवलेलेच नव्हते.

बँकेत खाते उघडण्याची जुनी पद्धत आठवून पाहा. एखादा जुना खातेदार नव्या माणसाची ओळख देत असे, मग कार्डावर नमुना सही घेतली जात असे. त्यानंतर पैसे काढण्याच्या प्रत्येक स्लिपवरील सही त्या नमुन्याशी ताडून पाहिली जात असे. पहिले काम ओळखीच्या पडताळणीचे, ते एकदा होते. दुसरे प्रमाणीकरणाचे, ते दर वेळी करावे लागते. आपल्या कर्मचाऱ्यांची पडताळणी वीस वर्षांच्या सहवासाने झालेलीच आहे. संगणकासमोर आत्ता बसलेली व्यक्ती त्यांच्यापैकी कोण, हे सांगण्याची सोय मात्र आपल्या शाखेत उरलेली नाही. शाखाधिकाऱ्यांची सही इतर आठ जण गिरवू लागले असते, तर संचालक मंडळाने ते एक दिवसही चालू दिले नसते. पासवर्ड वाटून घेतल्याने नेमके तेच घडते आहे.

वसुलीची अडचण खरी आहे, आणि पासवर्ड बदलण्याचे परिपत्रक काढून ती सुटणार नाही. आठ दिवसांत नवा पासवर्डही सर्वांना ठाऊक होईल. त्याऐवजी संचालक मंडळाने ठराव करून दुसऱ्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याला, त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर, ठराविक रकमेपर्यंत व्हाउचर पास करण्याचा अधिकार द्यावा. त्या मर्यादेवरचे व्यवहार शाखाधिकारी परत येईपर्यंत थांबावेत किंवा आपण, सचिव म्हणून, ते आपल्या लॉगिनवरून मंजूर करावेत. नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा एकच नसावा, हा मेकर-चेकरचा नियम कागदावर न ठेवता सॉफ्टवेअरमध्येच बसवून घ्यावा, म्हणजे गर्दीच्या वेळी तो मोडण्याचा मोह कोणाला होणार नाही. कर्मचारी निवृत्त झाला, बदलून गेला किंवा दीर्घ रजेवर गेला, तर त्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद व्हावे.

एका लॉगिनकडे बहुतेक संस्थांचे लक्ष नसते, ते म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याचे. तो दूर बसून संस्थेच्या संगणकात शिरतो, त्याला सर्व अधिकार असतात, आणि काम झाल्यावर ते दार बंद झाले की नाही हे कोणी पाहत नाही. त्याचे लॉगिन एरवी बंद ठेवावे, लेखी विनंती आल्यावर तेवढ्या वेळेपुरते उघडावे आणि त्याची नोंद ठेवावी. कोणी, केव्हा, काय केले हे दाखवणारे लॉग जपून ठेवावेत. देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवण्यास आणि सायबर घटनेची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्यास सांगितले आहे.

बँकांतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत जे ठेव विम्याचे संरक्षण मिळते ते पतसंस्थेच्या ठेवीदारांना नाही, हेही मंडळासमोर ठेवा. आणि पुण्यातील कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याचे उदाहरण द्या. तेथे हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. पैसे काढण्याची विनंती आली की बँकेच्या मूळ प्रणालीला न विचारता ती परस्पर होकार देत असे. ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेद्वारे हाँगकाँगला रक्कम पाठवली गेली, आणि एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर गेले. एवढा गुंतागुंतीचा हल्ला आपल्या शाखेवर होईलच असे नाही. पण मंजुरी देणारा हात कोणाचा आहे याची खात्री गेली की काय होते, ते त्यातून दिसते. दिवसअखेरीस मंजूर झालेले व्यवहार आणि खात्यांतील प्रत्यक्ष शिल्लक यांचा ताळा तिसऱ्याच व्यक्तीने घ्यावा, असे मी म्हणतो ते म्हणूनच.

प्रश्न : इचलकरंजीत आमची छोटी खासगी मर्यादित कंपनी आहे. आम्हा दोन्ही संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल, म्हणजे संगणकाला जोडून सही करण्याची छोटी उपकरणे, पहिल्यापासून कर सल्लागारांच्या कार्यालयात असतात आणि त्यांचे पिन डोंगलवरच चिकटवलेले आहेत. विवरणपत्रे वेळेवर भरली जातात. यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो आपण समजता त्याहून मोठा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० नुसार या स्वाक्षरीला हाताने केलेल्या सहीइतकीच मान्यता आहे. त्याच कायद्याच्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीची खासगी कळ, म्हणजे डोंगलमध्ये असलेली गुप्त डिजिटल किल्ली, आपल्या ताब्यात राहील याची काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावे लागते, आणि तसे कळवेपर्यंत जबाबदारी स्वाक्षरीधारकाचीच राहते. त्या डोंगलने एखाद्या ठरावावर, संचालकाच्या राजीनाम्यावर किंवा निविदेवर सही झाली, तर ‘ती आम्ही केली नाही’ हे सिद्ध करताना आपल्याला फार जड जाईल.

कर सल्लागारांच्या सचोटीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांच्या कार्यालयात उमेदवारी करणारी मुले दरवर्षी बदलतात आणि डोंगलांचा ड्रॉवर मात्र तोच असतो, एवढेच मला दिसते. डोंगल परत आणा, पिन बदला, चिठ्ठी फाडून टाका. सल्लागारांनी विवरणपत्र तयार करावे, आपण ते वाचावे आणि आपल्या संगणकावरून सही करावी. महिन्यातून दहा-पंधरा मिनिटांचे हे काम आहे, आणि आपल्या नावाने सरकारला काय कळवले जाते ते त्या निमित्ताने आपल्या नजरेखालून जाईल.

प्रश्न : रत्नागिरीतील एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मी आस्थापना विभाग पाहतो. नवीन नेमणुकीच्या वेळी आम्ही आधार आणि पॅन कार्डांच्या झेरॉक्स घेऊन फाइलला लावतो. अनेक जण कार्डाचा फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच टाकतात. एवढी पडताळणी पुरेशी आहे का?

उत्तर : झेरॉक्स घेतल्याने पडताळणी होत नाही, फक्त साठा होतो. कार्डावरील फोटो आणि नाव बदलून तयार केलेली प्रत आणि खरी प्रत यांत झेरॉक्सच्या कागदावर काही फरक दिसत नाही. खरी खूण आहे ती कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये. त्यातील माहितीवर आधार प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. प्राधिकरणाच्या अॅपने तो कोड वाचला की नाव, जन्मवर्ष किंवा जन्मतारीख, पत्ता आणि फोटो समोर येतो, आणि कोडमधील माहितीत फेरफार झाला असेल तर तोही कळतो. समोर बसलेल्या उमेदवाराच्या चेहऱ्याशी आणि कार्डावरील मजकुराशी ती माहिती ताडून पाहावी, आणि ‘क्यूआर पडताळला’ अशी तारखेसह नोंद करून सही करावी. संपूर्ण आधार क्रमांक साठवून ठेवू नये. आधार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा ऑफलाइन पडताळणीसाठी उमेदवाराची संमती लागते, आणि पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक गोळा करणे किंवा जपून ठेवणे निषिद्ध आहे. प्रत हवीच असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार मागावे.

जन्मतारखेसाठी आधारवर विसंबू नये. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्येच जन्मतारखेच्या मान्य पुराव्यांतून आधार वगळले आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला पाहावा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे फोटो आजच काढून टाकायला सांगा. ग्रुपमधील प्रत्येकाच्या फोनवर आता तुमच्या सहकाऱ्यांची ओळखपत्रे पडून आहेत, आणि त्यांपैकी एखादा फोन उद्या दुरुस्तीला जाईल किंवा विकला जाईल. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीची वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, नोकरी मिळावी म्हणून माणसाने आपल्या हाती दिलेला कागद आपण कसा सांभाळतो, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : मी नाशिकच्या एका कारखान्यात लेखा विभागात आहे. साहेबांचा फोन येतो, ‘अमुक पुरवठादाराचे खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यावर टाका.’ आवाज त्यांचाच असतो, म्हणून आम्ही टाकतो. हल्ली आवाजाची नक्कल करता येते असे वाचले, तेव्हापासून भीती वाटते. उलट विचारणा केली तर साहेब रागावतील.

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याला मुख्य वित्त अधिकाऱ्यांच्या नावाने एका गुप्त व्यवहाराचा निरोप आला. त्याला संशय आला होता. पण नंतरच्या व्हिडिओ बैठकीत ते अधिकारी आणि ओळखीचे इतर सहकारी दिसले, बोलले, आणि त्याचा संशय फिटला. ते सर्व चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते. त्याने १५ हस्तांतरांतून २० कोटी हाँगकाँग डॉलर ५ खात्यांवर पाठवले. पाहिलेला चेहरा आणि ऐकलेला आवाज हा ओळखीचा पुरावा म्हणून यापुढे पुरणार नाही.

उपाय यंत्राचा नसून रिवाजाचा आहे. बँक खाते बदलण्याची सूचना ज्या मार्गाने आली, त्या मार्गाने तिची खात्री करू नये. पुरवठादाराचा जो क्रमांक आपल्या नोंदवहीत आधीपासून आहे त्यावर आपण स्वतः फोन करावा, त्यांच्याकडून लेखी पत्र व रद्द केलेला धनादेश घ्यावा, आणि दोन व्यक्तींच्या मंजुरीनंतरच खाते बदलावे. सूचना साहेबांनी दिली असेल तर साहेबांनाही त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करावा. हा नियम कारखान्याच्या मालकांनी स्वतःच्या सहीने काढला पाहिजे, आणि ‘मी स्वतः सांगितले तरीही’ हे शब्द त्यात असले पाहिजेत. तसे पत्र हाती असेल, तर उलट विचारणा करण्यासाठी आपल्याला धैर्य गोळा करत बसावे लागणार नाही. माझे हे उत्तर मालकांसमोर ठेवण्यास माझी संमती आहे. चुकून रक्कम गेलीच, तर वरिष्ठांना काय सांगावे या विवंचनेत वेळ घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या ईमेलला पासवर्डशिवाय दुसरा टप्पा लावायचा आहे. एसएमएसचा ओटीपी घ्यावा की अॅप? आणि पासवर्ड दर महिन्याला बदलावा का? — संगणक विभाग, नागपूर

उत्तर : ओटीपी नसण्यापेक्षा असणे केव्हाही बरे, परंतु बनावट सिमच्या आधारे तो वळवता येतो आणि गोड बोलून काढूनही घेता येतो. अॅपवरील संकेतांक त्याहून बरा, आणि ईमेल सेवा देत असेल तर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली, सर्वांत चांगली, कारण ती बनावट संकेतस्थळावर चालतच नाही. नुसते ‘होय’ दाबून मंजुरी देणारी सूचना मात्र टाळा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला हल्लेखोराने अशा सूचना वारंवार पाठवल्या, अखेर त्याने एक मंजूर केली आणि हल्लेखोर आत शिरला.

पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावू नका. माणसे मग शेवटचा आकडा तेवढा वाढवतात किंवा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात. अमेरिकेची निस्ट ही मानक संस्था २०१७ पासून ठराविक मुदतीने बदलण्याच्या सक्तीविरुद्ध सांगत आली आहे. पासवर्ड लांब असावा, इतरत्र वापरलेला नसावा, आणि फुटल्याची शंका आली तर तत्काळ बदलावा. दुसरा टप्पा लावताना मिळणारे पर्यायी संकेतांक छापून बंद लिफाफ्यात घाला, लिफाफ्यावर तारीख आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या आणि तो तिजोरीत ठेवा. फोन हरवलेल्या दिवशी तो लिफाफा उघडावा लागला, तर उघडणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण नोंदवहीत लिहा.