उबुंटू अपग्रेड केलं आणि पासवर्डचं एक्स्टेन्शन मुकं झालं

प्रश्न: घरच्या लॅपटॉपवर उबुंटू 20.04 वरून 22.04 वर आलो. बाकी सगळं नीट आहे पण फायरफॉक्समधलं कीपासएक्ससीचं (पासवर्ड साठवणारा प्रोग्राम) एक्स्टेन्शन डेस्कटॉपवरच्या कीपासएक्ससीला कनेक्टच होत नाही. दोनदा काढून परत टाकलं. पासवर्ड कॉपी-पेस्ट करून वैताग आलाय, काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: एक्स्टेन्शन बिचारं ठणठणीत आहे, अजून दहा वेळा टाकलंत तरी हेच होणार. बदललाय तो फायरफॉक्स. 22.04 पासून उबुंटू तो डेब (उबुंटूचं नेहमीचं इन्स्टॉल पॅकेज) म्हणून देत नाही, स्नॅप या वेगळ्या, बंदिस्त पॅकेजात देतं, आणि अपग्रेडच्या गडबडीत जुना जाऊन हा येऊन बसतो. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये 'snap list' मारा, यादीत फायरफॉक्स दिसेल. स्नॅप म्हणजे ब्राउझर कुंपणाच्या आत, बाहेरचा प्रोग्राम त्याला थेट सुरू करता येत नाही, आणि तुमच्या एक्स्टेन्शनला तर नेमकं तेच हवं असतं, एक छोटी जेसन (JSON) सेटिंग फाइल वाचून ब्राउझर कीपासएक्ससीचा प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या प्रोग्राम, चालू करतो आणि त्याच्यामार्फत दोघं बोलतात.

सुरुवातीला हे स्नॅपमध्ये चालतच नव्हतं, नंतर परवानगी विचारणारी खिडकी आली. म्हणून आधी सगळे अपडेट घ्या, कीपासएक्ससीच्या सेटिंगमध्ये ब्राउझर इंटिग्रेशनखाली फायरफॉक्सची टिक काढून परत लावा (ती फाइल नव्याने लिहिली जाते) आणि ब्राउझर बंद करून उघडा. खिडकी आली तर हो म्हणा. आधी कधी घाईत 'नाही' दाबलं असेल तर तो नकार सिस्टीम लक्षात ठेवते, मग ती परत विचारत नाही.

तरी नाहीच जमलं तर सरळ डेब टाका, मी तेच केलंय. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी आहे (एपीटी म्हणजे उबुंटूचं पॅकेज टाकणारं साधन, रिपॉझिटरी म्हणजे त्याचं कोठार). ती जोडली की काम झालं असं वाटतं पण इथेच लोक फसतात, कारण उबुंटूच्या नावापुरत्या फायरफॉक्स पॅकेजचा व्हर्जन नंबर मुद्दाम मोठा दाखवलेला असतो आणि एपीटी पुन्हा स्नॅपच ओढून आणतं. त्यासाठी मोझिलाच्या रिपॉझिटरीला 1000 ची पिन प्रायॉरिटी (एपीटीने कुठलं कोठार आधी मानायचं तो आकडा) द्यावीच लागते. आणि हो, स्नॅप काढण्याआधी बुकमार्क आणि प्रोफाइलचा बॅकअप घ्या, स्नॅपचं प्रोफाइल होममधल्या 'स्नॅप' फोल्डरात वेगळं असतं, नेहमीच्या जागी शोधत बसाल.

प्रश्न: लिनक्सवर फायरफॉक्स अपडेट केल्यापासून जुन्या साइटवरचं जावा अॅप्लेट (पानातच चालणारा छोटा जावा प्रोग्राम) दिसत नाही. कुठली सेटिंग? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: सेटिंग नाहीये हो. मार्च 2017 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 52 ने फ्लॅश सोडून जावासारखे सगळे जुने प्लगिन बंद केले, आणि जानेवारी 2021 मध्ये 85 व्या व्हर्जनला फ्लॅशही गेलं. साइटवाले जेएनएलपी फाइल (जावा प्रोग्राम सुरू करणारी फाइल) देत असतील तर ती आइस्डटी-वेब (IcedTea-Web) या प्रोग्रामने ब्राउझरबाहेर उघडून बघा.