रंग मारायचा की राहू द्यायची तशीच? जुन्या गाड्यांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं सॅक्रामेंटोजवळ राहतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले आणि त्यांच्या घरच्यांनी गॅरेजमधली गाडी विकायला काढली, ती मी घेतली. 1931 ची फोर्ड मॉडेल ए कूप आहे, पन्नासच्या दशकात आजोबांनीच तिची हॉट रॉड केलेली, म्हणजे जास्त वेगासाठी बदलून घेतलेली, मडगार्ड काढून टाकलेत, मूळचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन फोर्डचंच आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-8 बसवलंय. रंग मरून, पण बॉनेटवर पार विटलाय, छताच्या कडेने गंजाचे ओघळ आलेत, उजव्या दरवाज्याला नुसता करडा प्राइमर आहे आणि डाव्या दरवाज्यावर पांढऱ्या रंगात काहीतरी पुसट लिहिलेलं दिसतं. मित्र म्हणतायत लालभडक मार, मुलगा म्हणतो अजिबात हात लावू नका, आणि आमचे बाबा सध्या इथे आलेत ते रोज सकाळी चहा घेताना विचारतात की अरे ही गंजकी गाडी दारात कशाला. पेंटरचं कोटेशन पण आलंय. काय करू?
— एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : दादा, पहिली गोष्ट म्हणजे त्या पेंटरला आत्ता हो म्हणू नका, नाही पण म्हणू नका, थोडं थांबवा. कारण रंग काय, पुढच्या वर्षी पण मारता येईल, पण आजोबांनी मारलेला तो मरून एकदा खरवडून काढला की जगातला कुठलाही पेंटर तो परत आणू शकत नाही. आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत विचाराल तर ही गाडी रंगवू नये. का ते सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. हल्ली खूप लोक म्हणतात की खरी हॉट रॉड म्हणजे गंजलेली, प्राइमरमधली. तसं नाहीये. ज्या पोरांनी कॅलिफोर्नियात हा नाद सुरू केला त्यांना रंगाचं वेड होतं, प्राइमर असायचा तो बहुतेक वेळा पैसे संपले म्हणून किंवा काम अर्धं राहिलं म्हणून. 1950 साली ओकलंडला रोडस्टर म्हणजे उघड्या गाड्यांचा शो सुरू झाला, त्याच वर्षी तुमच्या सॅक्रामेंटोत ऑटोरामा सुरू झाला, तिथे ज्या गाड्या यायच्या त्यांचा लॅकर (लवकर सुकणारा जुना गाड्यांचा रंग) इतका घासून चमकवलेला असायचा की तोंड बघून घ्यावं. 1997 मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या नामांकित शोमध्ये पहिल्यांदा हॉट रॉडचा वेगळा वर्ग ठेवला, त्यात डोन स्पेन्सर यांनी बनवलेली 1932 ची फोर्ड रोडस्टर पहिली आली, ती पण पूर्ण नव्याने केलेली चकचकीत काळी. म्हणजे रंग मारणं हा काही अपराध नाही, आणि तुमचे मित्र चुकीचं बोलत नाहीयेत.

पण प्रश्न असा आहे की गाडीवर आत्ता जे आहे ते कुणाचं आहे. मधल्या कुठल्यातरी मालकाने ऐंशी-नव्वदच्या दशकात स्वस्तात मारून घेतलेला रंग असता तर मी म्हटलं असतं काढा बिनधास्त. तुमच्या गाडीवर ज्या माणसाने ती बनवली त्याचाच हात आहे बहुतेक, आणि तो तसाच शिल्लक असणं हीच दुर्मिळ गोष्ट आहे. तेव्हा आधी ते नक्की करा.

मॉडेल ए ची बॉडी फोर्डने लॅकरमध्ये रंगवलेली असायची, मडगार्ड तेवढे काळ्या इनॅमलमध्ये बुडवून काढायचे. पन्नासच्या दशकात घरी किंवा छोट्या गॅरेजात रंगवणारे पण लॅकरच वापरायचे, तो लवकर सुकतो म्हणून. मग एक करा, दाराच्या आतल्या कडेला किंवा डिकीच्या झाकणाखाली, जिथे दिसणार नाही तिथे, पांढऱ्या चिंधीवर थोडं लॅकर थिनर घेऊन हलकेच पुसा. मरून रंग चिंधीवर उतरला तर तो लॅकर, म्हणजे जुना असण्याची शक्यता भरपूर. ढिम्म हलला नाही तर नंतरचा टू-पॅक (हार्डनर मिसळून मारतात तो) रंग असू शकतो, मग सगळा हिशोबच बदलतो. डॅशबोर्डच्या खालून आणि दाराच्या पॅनलमागे बघा, तिथे फोर्डचा मूळ रंग पण सापडेल.

डॅशबोर्ड बघताय तर अजून एक बघा. एल मिराज, मुरॉक असे मोहावी वाळवंटातले कोरडे तलाव आहेत, तिथे ही मंडळी गाड्या पळवायची, 1937 मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन त्यांचा वेग मोजायची, आणि वेग नोंदला गेला की एक छोटी पितळी पट्टी मिळायची, ती लोक डॅशबोर्डवर ठोकायचे. पट्टी नसली तरी तिची बारीक भोकं दिसतायत का बघा. आणि डाव्या दरवाज्यावरचं ते पांढरं पुसट, ते शर्यतीचा नंबर असू शकतो, गाडीच्या वर्गाची अक्षरं असू शकतात किंवा एखाद्या क्लबचं नाव. तो दरवाजा कृपा करून घासू नका, कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) तर अजिबात लावू नका. संध्याकाळी टॉर्च आडवा धरून फोटो काढा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं आडव्या उजेडात वर येतात. आजोबांच्या घरच्यांकडे जुने फोटो मागा, त्यांनी गाडी विकली तरी अल्बम नाही विकलेला.

आता गंज. इथे बाबांचं बरोबर आहे आणि मुलाला हे नीट समजावून सांगा, की तशीच ठेवायची याचा अर्थ सडू द्यायची असा नाही. ओघळ छताच्या कडेने येतायत असं लिहिलंय ना, तर मॉडेल ए चं छत अख्ख्या पत्र्याचं नसतं, मधला भाग कापडी असतो, खाली लाकडी आडव्या पट्ट्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, वर कापसाची गादी आणि मग कापड. ते कापड एकदा फाटलं की पाणी कापसात मुरतं, लाकूड कुजतं आणि पत्रा आतून जातो, बाहेरून तुम्हाला नुसता ओघळ दिसतो. तेव्हा रंगाच्या आधी छत. ते कापड नवीन घाला, त्यात जुनेपण जात नाही, ते बदलायचंच असतं. मग दारांच्या खालच्या कडा, मागच्या पॅनलचा खालचा भाग आणि काऊलचं (बॉनेट आणि दाराच्या मधल्या पत्र्याचं) बूड बोटाने दाबून बघा, पत्रा दबला किंवा भुगा पडला तर तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागेल, आणि तेवढाच तुकडा आजूबाजूच्या विटलेल्या रंगाशी जुळवून घ्यायचा. हे करणारे कारागीर वेगळे असतात, कोटेशन देणाऱ्या पेंटरला सरळ विचारा की पूर्वी असं काही केलंय का.

वरवरचा गंज असेल तिथे सौम्य साबण आणि मऊ फडकं, प्रेशर वॉशर नको. डाग निघत नसतील तर ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात पातळ करून आधी कोपऱ्यात लावून बघायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकायचं, हातमोजे आणि गॉगल घालून, ते विषारी आहे. उजव्या दरवाज्याचा प्राइमर मात्र जपा, जुना प्राइमर ओल शोषून घेतो, वरून कोरडा दिसतो आणि खाली पत्रा गंजत असतो. सगळ्याला मेण लावा, फक्त त्यात सिलिकॉन नसावं, कारण उद्या मत बदललं आणि रंग मारायचा ठरला तर सिलिकॉन राहिलेल्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

बरेच जण सांगतील की वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारून टाक, म्हणजे जुनं दिसेल आणि टिकेल. मला हे मुळीच पटत नाही. गंज आणि सुटा रंग याच्यावर क्लिअर धरत नाही, आत ओल अडकते, काही वर्षांत तो पापुद्र्यासारखा उठतो आणि उठताना खालचा रंग घेऊन जातो. मग तुमच्याकडे धड जुना रंग पण नाही आणि नवा पण नाही.

आणि घरात मुलगा आहे म्हणून आवर्जून सांगतो, त्या काळच्या रंगात, प्राइमरमध्ये शिसं असायचं, बॉडीचे खड्डे सुद्धा शिसं वितळवून भरायचे. कोरडं घासू नका, गॅरेजमध्ये ग्राइंडर तर नकोच. ओलं काम, नीट मास्क, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

हे सगळं करूनही चांगल्या रंगकामाच्या खर्चाच्या मानाने बराच कमी खर्च येईल, तिथे नीट काम म्हणजे आकडा पाच अंकी डॉलरमध्ये सहज जातो. ते पैसे ब्रेक आणि वायरिंगवर घाला. मडगार्ड नसलेली, व्ही-8 लावलेली मॉडेल ए जर मूळच्या मेकॅनिकल ब्रेकवर चालत असेल तर रंगापेक्षा ते फार फार महत्त्वाचं आहे. आणि बाबांना सोबत घ्या, साबण-फडक्याचं काम त्यांच्यासोबत करा, ज्या हाताने गाडी पुसली जाते त्याला ती लवकर आवडायला लागते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची 1988 ची प्रीमियर पद्मिनी आहे, रंग बरा आहे पण जुनाट दिसतो. अमेरिकन रॅट रॉडसारखा लुक द्यायचाय, म्हणजे रंग काढून मुद्दाम गंज आणायचा आणि वर क्लिअर. करू का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : नका करू. क्लिअरचं वर लिहिलंच आहे, आणि अलिबागची खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथे उघडा पत्रा म्हणजे पुढच्या गणपतीपर्यंत फ्लोअरला भोकं. कॅलिफोर्नियाच्या आतल्या कोरड्या भागात गाडी वर्षानुवर्षं उभी राहते म्हणून तिथे ते जमतं. आणि मुद्दाम आणलेल्या गंजात तुमच्या वडिलांचं काहीच नाही, त्यांनी ती गाडी पुसून पुसून जपली असणार. रंग बरा आहे म्हणताय तर पॉलिश करून घ्या, खालून अँटी-रस्ट मारून घ्या. रंगवायचीच असेल तर मूळच्याच रंगात, रंग बदलला तर आरसीवर पण आरटीओकडून बदलून घ्यावा लागतो.

प्रश्न : गंजलेल्या पत्र्यावर जवसाचं उकळलेलं तेल लावतात असं ऐकलं, चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालतं, अगदी पातळ हात, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ धरते. पण तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो, गॅरेज जळू शकतं. एकेक चिंधी बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.