अनेक डेटाबेस जागच्या जागी जोडताना
पहिल्याच आठवड्यात पाचही डेटाबेस, त्यांतला डेटा न हलवता, एका छत्राखाली आणण्याचा आपला उत्साह मला मनापासून आवडला; तरीही सुरुवात दोनच स्रोतांनी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्हीकडे पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली असेल, तर तिच्या २०१३ मधील ९.३ या आवृत्तीपासून सोबत मिळणारे पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू (दुसऱ्या पोस्टग्रेसमधली टेबले इथूनच वाचू देणारे विस्तारक) पुरेसे आहे. स्रोत निरनिराळ्या प्रकारचे असतील, तेव्हा ट्रिनोकडे, म्हणजे अनेक स्रोतांवर एकच क्वेरी (डेटासाठीची विचारणा) चालवणाऱ्या साधनाकडे वळावे.

सर्वांत आधी चाळणी, म्हणजे नको त्या ओळी वगळणारी अट, कुठे लागते, ते पाहायला शिका. डेटा हलवायचा नाही म्हणजे त्याची कायमची प्रत करायची नाही, इतकेच. क्वेरी चालताना ओळी नेटवर्कवरून येतातच. दिनांकाची अट मूळ डेटाबेसपर्यंत पोहोचली, तर हव्या तेवढ्याच ओळी येतात. पण स्तंभावर लावलेल्या एखाद्या फंक्शनमुळे ती आपल्याच बाजूला अडकली, तर अख्खे टेबल ओढून आणले जाते आणि मग चाळले जाते. म्हणून पोस्टग्रेसमध्ये 'एक्सप्लेन व्हर्बोज' ही क्वेरीचा आराखडा दाखवणारी आज्ञा चालवून 'रिमोट एसक्यूएल' या ओळीत (मूळ डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरीत) आपली अट दिसते का, हे दर वेळी तपासावे.

नेहमी होणाऱ्या चुका अशा:
- जोडणीसाठी प्रशासकाचे खाते वापरणे. केवळ वाचनाचा अधिकार असलेले वेगळे खाते मागून घ्या.
- जड अहवाल व्यवहारांच्या चालू डेटाबेसवर सोडणे.
- किल्लीचा, म्हणजे दोन टेबले ज्या स्तंभावरून जुळवायची त्याचा, प्रकार न तपासणे. एकीकडे '००४२' हा मजकूर आणि दुसरीकडे ४२ हा पूर्णांक असेल, तर ओळी जुळणार नाहीत.

कॅशिंगचा (आलेली उत्तरे तात्पुरती साठवून ठेवण्याचा) विषय तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या क्वेरीचा आराखडा हाती आला की मला दाखवा. आपण तो मिळून वाचू.